जिम्नी दोन इंच उचलताना या चुका टाळा

लिफ्ट किट (गाडी उंच करणारा स्प्रिंग आणि शॉकचा संच) बसवलं की ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. मारुती सुझुकीच्या जिम्नीत तसं होत नाही. या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे आणि जमिनीच्या सर्वात जवळ असतो तो ॲक्सलवरचा डिफचा (डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) गोळा. स्प्रिंग लांब केली तर चॅसिस आणि बॉडी वर जाते, डिफ होता तिथेच राहतो. कंपनीचा २१० मिमीचा आकडा बदलायचा तर टायर मोठा लागतो. तिथेही फार मिळत नाही. मूळ १९५/८० आर १५ टायर सुमारे ६९३ मिमी उंच आहे, २१५/७५ आर १५ सुमारे ७०३. म्हणजे डिफ उचलला गेला तो जेमतेम ५ मिमी.

मग लिफ्ट कशाला? पोटासाठी. पाच दारी जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे, त्यामुळे उंचवटा पार करताना मधला भाग टेकतो. दोन इंच उचलल्यावर ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता पार होणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंशांवरून सुमारे २८ वर जातो. बांध, दगडी चढ, खोल चाकोऱ्या इथे हा फरक जाणवतो. तुमची गाडी अशा जागी जात नसेल तर पैसे वाचवा.

किट निवडताना वजनाचा हिशेब करायचा राहून जातो. विंच, लोखंडी बंपर आणि कॅरिअर धरून बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली तर गाडी दोनऐवजी अडीच-तीन इंच चढते आणि दगडासारखी आपटते. उलट, स्वस्तात पडतं म्हणून जुन्या स्प्रिंगवर नुसता स्पेसर, पुढे त्यावर आणखी एक स्पेसर, हा प्रकार तर करूच नका. उंची मिळते, पण शॉकअब्सॉर्बर तोच आखूड राहतो आणि चाक खड्ड्यात सुटलं की शॉक टोकाला जाऊन ‘टक्’ असा आवाज करतो.

काम सुरू करण्याआधी सपाट जमिनीवर चारही चाकांचं मोजमाप लिहून ठेवा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवा आकडा बिघडवते. शिवाय ॲलाइनमेंटवाल्याकडून जुन्या स्थितीची छापील प्रत घ्या, त्यात कॅस्टरचा (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती झुकला आहे, त्या कोनाचा) आकडा हवा. हा कागद नसेल तर नंतर काय बिघडलं ते कळायला मार्गच उरत नाही.

गाडी चॅसिसखाली स्टँडवर घ्या आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोला. शॉक सुटल्याबरोबर ॲक्सल खाली जातो. त्याला आधार नसेल तर सगळा भार ब्रेकच्या रबरी होजवर आणि एबीएसच्या वायरीवर येतो. ॲक्सल उतरवण्याआधी होजचे आणि वायरीचे ब्रॅकेट सोडा, ब्रीदर पाइपही (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी नळी) बघा. नवीन स्प्रिंग बसवताना तिचं शेपूट खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. ते अर्धा इंच जरी फिरलेलं राहिलं तरी गाडी एका बाजूला कलते आणि वळताना स्प्रिंग कुरकुरते. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंगची उंची वेगळी असते. किट डाव्या स्टेअरिंगच्या देशासाठीचं असेल तर ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे डावी बाजू, हे चिठ्ठी वाचताना लक्षात ठेवा.

हवेत आवळलेले बोल्ट

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती चांगल्या गॅरेजमध्येही होते. ॲक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे आर्मच्या, टोकांना रबरी बुश असतात. बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट आवळला की ती ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. त्यानंतर आर्म हलतो तो रबर पिळूनच. गाडी स्टँडवर आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच ‘सरळ’ धरतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं. काही महिन्यांत बुश फाटतो, शिवाय पिळलेलं रबर गाडीला वर ढकलत राहतं, म्हणून उंचीचं मोजमापही खोटं येतं.

म्हणून रेडियस आर्म (पुढचे आर्म), मागचे आर्म, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आणि शॉकचा खालचा बोल्ट, सगळे आधी हाताने लावून थोडे सैल ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून चार-पाच वेळा हलवा, मगच टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यावर आवळा. खाली झोपून करायचं काम आहे, कंटाळवाणं आहे, दुसरा उपाय नाही.

स्टेअरिंग तरंगतं

लिफ्टनंतर गाडी ८० च्या वेगाला रस्त्यावर ‘पोहायला’ लागली, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईना, तर कारण कॅस्टर. पुढचे रेडियस आर्म ॲक्सलपासून मागे चॅसिसकडे जातात. चॅसिस वर गेली की आर्मचं मागचं टोक उचललं जातं, ॲक्सल पुढे लवतो आणि दोन इंचांना अंदाजे ३ अंश कॅस्टर जातो. ॲलाइनमेंटच्या मशीनवर हे सुधारत नाही, कारण या ॲक्सलवर तिथे फक्त टो (पुढची चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलता येतो.

उपाय म्हणजे मध्य सरकवलेले कॅस्टर बुश. एका आर्मला ॲक्सलकडे दोन, म्हणजे एकूण चार. ते हायड्रॉलिक प्रेसवरच बसवा, हातोड्याने ठोकू नका. इथे होणारी चूक मोठी गमतीची आहे: बुश उलटा बसतो आणि कॅस्टर सुधारण्याऐवजी आणखी घटतो. बुशवरच्या खुणा पाहा, आणि ॲक्सलच्या सपाट भागावर डिजिटल कोनमापक ठेवून आधीचा-नंतरचा कोन घ्या. किंगपिनचं (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं) वरचं टोक मागे झुकलं पाहिजे.

पॅनहार्ड रॉडमुळे उंची वाढताच ॲक्सल काही मिलिमीटर बाजूला सरकतो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून दोन्हीकडे टायरपर्यंतचं अंतर मोजा. तीन-चार मिमीचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड लावा.

स्टेअरिंग तिरकं राहणं हा वेगळा मुद्दा. ते ड्रॅग लिंकची (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी बदलून सरळ करायचं. स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. तसं केल्याने स्टेअरिंग अँगल सेन्सर आणि चाकं यांचा मेळ तुटतो, आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो किंवा वळणावर नको तेव्हा ब्रेक लागतो. टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याला) तर हातच लावू नका, त्याने टो बिघडतो.

साठ ते ऐंशीच्या दरम्यान स्टेअरिंग जोरात थरथरत असेल तर लगेच मोठा स्टेअरिंग डॅम्पर विकत घेऊ नका. तो दोष झाकतो. आधी चाकांचा बॅलन्स, मग पॅनहार्डचे बुश, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग आणि शेवटी किंगपिन बेअरिंगचा ताण, या क्रमाने तपासा. स्वस्त गोष्टी आधी.

थरथर फक्त फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद मिळते तेव्हा) येते का, तेही बघा. टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा, चाकांपासून सुटलेला असतो. फोर-एचमध्येच कंप असेल तर त्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढलेला आहे. ही चाचणी मातीच्या रस्त्यावर घ्या, कोरड्या डांबरावर नाही.

गाडी सोडण्याआधी दोन टोकं तपासायची. एक, चाकं पूर्ण लोंबत असताना दोन्ही बाजूंना स्टेअरिंग फिरवून बघा. ब्रेक होज कुठेही ताणलेला नको. दोन, ॲक्सल पूर्ण वर दाबला असता शॉक बंद होण्याआधी बंप स्टॉप (ॲक्सलला वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे. लांब शॉक घातले आणि बंप स्टॉप जुनेच ठेवले तर पहिल्याच जोराच्या आपटीत शॉक आतून फुटतो. तेल गळताना दिसलं की लोक शॉकच्या कंपनीला शिव्या देतात.

हेडलाइटचा झोत पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली गेली तर वर जातो. भिंतीसमोर उभी करून तो खाली आणा.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून हटणारा बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. सस्पेन्शनची वॉरंटी जाऊ शकते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

चाकांचे नट ५० किमीनंतर १०० न्यूटन मीटरवर पुन्हा तपासा. ५०० किमीनंतर आर्मचे आणि पॅनहार्डचे सगळे बोल्ट, गाडी चाकांवर उभी असतानाच. तोवर स्प्रिंग काही मिलिमीटर बसलेली असते, म्हणून अंतिम ॲलाइनमेंट आणि हबपासूनचं मोजमाप त्यानंतर घ्या.