सर्क्युलर सॉ चालवताना जोर नको, टेकू नीट द्या

कोल्हापुरात कुणालाही विचारा, सर्क्युलर सॉ, म्हणजे विजेवर चालणारी गोल पात्याची करवत, कशी धरायची? उत्तर ठरलेलं असतं: "घट्ट धर की भावा, काय होत नाही." वखारीत, बांधकामावर, घरच्या अंगणात हा सल्ला ऐकून ऐकून आता राग येतो. 185 मिलिमीटरचं पातं मिनिटाला 5000 फेरे घेतं, तेव्हा त्याचे दात सेकंदाला जवळजवळ 48 मीटर धावत असतात. असं पातं लाकडात आवळलं गेलं, तर तालमीत घडलेलं मनगटही मशिन धरून ठेवू शकत नाही. ते आवळलंच जाऊ नये याची सोय काप सुरू करायच्या आधी करायची असते. ही सोय म्हणजे लाकडाला योग्य जागी दिलेला टेकू. बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, टेकूपाशी मात्र थांबू.

मशिन आणि पातं

चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापणं आधी बंद करा. आपल्याकडे हे सर्रास चालतं. तो कटर लादी कापायला बनवलेला आहे. तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो आणि पातं खालून झाकणारा स्प्रिंगचा गार्ड त्याला नसतो. काप संपवून तुम्ही मशिन मांडीजवळ आणता, तेव्हा पातं उघडं असतं आणि फिरतही असतं. सर्क्युलर सॉचा खालचा गार्ड लाकूड संपलं की आपोआप मिटतो. जास्तीचे पैसे मोजायचे ते या गार्डसाठीच. म्हणून कुणी गार्ड तारेनं मागे बांधून ठेवलेलं मशिन दिलं, तर ते हातातच घेऊ नका.

सागाची फळी उभी चिरायला 24 दातांचं पातं, प्लाय आणि लॅमिनेटला 40 ते 60 दातांचं. पात्यावर छापलेला कमाल वेग मशिनच्या वेगापेक्षा जास्त हवा. मधलं भोक मशिनच्या फिरत्या दांड्यावर नेमकं बसलं पाहिजे. ढिलं होतंय म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून पातं बसवणारे मी पाहिलेत. तसं पातं डुगडुगत फिरतं आणि कापात घासतं.

मशिन 1400 वॅटचं असेल तर सहा अँपियर ओढतं. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. पातळ वायरीवर व्होल्टेज पडतं, पातं कापात रेंगाळतं, मोटर तापते. लाइनवर 30 मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असावी. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, तोंडाला मास्क. हातमोजे नकोत, सैल बाह्याही नकोत.

खोली ठरवताना पातं लाकडाखाली तीन-चार मिलिमीटरच बाहेर येऊ द्या, म्हणजे 18 मिलिमीटरच्या प्लायला 22 पुरे. प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, कारण दात खालून वर येतात आणि कड वरच्या बाजूची उडते.

टेकू

नवशिक्याचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. माझंही इथेच अडलं होतं, कारण मिळेल तो सल्ला उलटा होता.

आधी मशिन मागे का उसळतं ते समजून घ्या. पात्याचे सगळ्यात खालचे दात तुमच्यापासून पुढे पळत असतात. कापाच्या दोन कडांनी पातं आवळलं की ते दात लाकडाला पुढे ढकलू बघतात. लाकूड जड असतं, टेकलेलं असतं, ते हलत नाही. मग सगळा जोर उलटा फिरतो आणि मशिन कापातून वर येत मागे फेकलं जातं. मशिनच्या मागे तुम्ही असता.

आता नेहमीचा सल्ला बघा: "दोन टोकांना दोन घोड्या लाव आणि मधे काप." घोडी म्हणजे लाकूड ठेवायचं पायांचं स्टँड. आठ बाय चारची 18 मिलिमीटर प्लाय तीस किलोच्या वर भरते. काप अर्ध्यावर गेला की उरलेल्या प्लायला ते वजन पेलत नाही आणि बरोबर मधे झोळ पडतो. झोळ पडला की कापाच्या वरच्या कडा एकमेकींकडे झुकतात, पातं चिमटीत सापडतं. घोड्या जितक्या लांब, तितका झोळ मोठा. हा सल्ला देणाऱ्यांनी हातकरवतीवर काम शिकलेलं असतं. हातकरवत आवळली तर नुसती थांबते, म्हणून त्यांना तो धोकादायक वाटत नाही.

बरोबर पद्धत चार रिपांची, म्हणजे लांब लाकडी पट्ट्यांची. सपाट जमिनीवर चार सारख्या जाडीच्या रिपा कापाच्या रेषेला समांतर मांडा. दोन रिपा रेषेच्या दोन्ही बाजूंना, तीन-तीन इंचांवर. उरलेल्या दोन बाहेरच्या कडांजवळ. रिपा कापाइतक्या लांब हव्यात: प्लाय आडवी कापायची तर चार फुटी, उभी चिरायची तर आठ फुटी. पातं प्लायखाली जितकं येतं त्यापेक्षा रीप उंच हवी, म्हणजे दात फरशीला लागत नाहीत. असं मांडल्यावर काप पुरा होतो तेव्हा दोन्ही तुकडे आपापल्या दोन रिपांवर उभे असतात आणि जागचे हलत नाहीत. टेकू जमला की नाही याची हीच खूण: शेवटचा इंच कापतानाही आवाज सुरुवातीसारखाच राहतो. आवाज जाड झाला, वेग पडला, जळका वास आला, तर पातं आवळू लागलंय असं समजा.

रिपांऐवजी दोन इंची थर्माकोलवर प्लाय पसरली तरी चालते. पातं थोडं थर्माकोलमध्ये जातं, त्यानं बिघडत नाही. मला रिपा बऱ्या वाटतात, कारण त्या वर्षानुवर्षं टिकतात आणि पांढरा चुरा होत नाही.

लांब फळीचं टोक छाटताना मात्र नियम उलटा. फळीचा मोठा भाग घोडीवर क्लॅम्पनं पक्का करा आणि छाटायचं टोक मोकळं सोडा. ते खाली झुकलं की काप उघडतो. इथे घात करतो तो मदतीला आलेला माणूस. टोक पडू नये म्हणून तो ते उचलून धरतो आणि उचललं की कापाच्या वरच्या कडा मिटतात. टोक जडच असेल तर त्याच्याखाली फळीच्या पातळीला टेकवण लावा. मदतनिसाला आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमट असते आणि वखारीतून आलेला आंबा, फणस आतून ओला असतो. अशी फळी उभी चिरताना आतला ताण सुटतो आणि टेकू बरोबर असूनही पात्यामागे काप मिटायला लागतो. हात-दीड हात काप झाला की स्विच सोडा, पातं थांबू द्या, मागच्या कापात लाकडाची पातळ पाचर हलकेच ठोका आणि मग पुढे चला. तुमच्या मशिनला पात्यामागे पोलादी पट्टी असेल तर तिचं काम हेच आहे. अडचण होते म्हणून ती काढून ठेवू नका.

काप

सरळ पट्टी क्लॅम्प करा. मशिनचा तळ लाकडावर टेकवा, पातं लाकडाला न लावता सुरू करा, पूर्ण वेग आल्यावर पुढे सरका. दोन्ही हात मशिनवर, वायर खांद्यावरून मागे, आणि शरीर कापाच्या रेषेत नाही, एका बाजूला. पातं अडखळलं तर मशिन मागे ओढू नका. स्विच सोडा, मशिन आहे तिथेच धरा, पातं पूर्ण थांबू द्या. मग टेकू तपासा. जोर लावून तसंच पुढे रेटणं हा उपाय नाही.

देखभाल

प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, बॅटरीचं मशिन असेल तर बॅटरी काढून. दर वेळी काम सुरू करण्याआधी खालचा गार्ड बोटानं मागे ओढून सोडा. तो फटकन मिटला पाहिजे. सावकाश आला तर आत भुसा आणि डिंक साचलाय, कोरड्या ब्रशनं काढा. तेल ओतू नका, तेलावर भुसा आणखी चिकटतो.

पात्यावर तपकिरी थर बसला की धार गेली असं समजून लोक पातं फेकून देतात. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच पुसून कोरडं करा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. खरोखर बोथट झालं तर कार्बाइडच्या दातांना घरच्या कानशीनं धार येत नाही, डायमंड चाक लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूल ग्राइंडिंग करणाऱ्याला विचारा. एखादा दात तुटलेला असेल तर ते पातं भंगारातच टाका.

तळ आणि पातं काटकोनात आहेत का ते गुण्या लावून अधूनमधून बघा. मशिन एकदा जरी पडलं तरी तळ वाकू शकतो. व्हेंटमधून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या की कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बदला, दोन्ही एकदम.

मशिन जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात घराघरांतली हत्यारं पाण्याखाली गेली, आणि पाणी ओसरल्यावर "सुकलंय की" म्हणत ती तशीच प्लगला लावली गेली. बुडालेलं मशिन बाहेरून कोरडं दिसलं तरी बेअरिंगमध्ये आणि मोटरच्या गुंडाळीत गाळ आणि ओल असते. ते उघडून, धुऊन, वाळवून, इन्सुलेशन तपासल्यावरच वीज द्या. हे काम मोटर रिवाइंडिंगवाल्याचं आहे.