दिवाळीच्या किल्ल्याची तयारी, घरातल्या छोट्या गवंड्यासाठी

प्लास्टरचा तयार किल्ला आणून गॅलरीत ठेवायचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण मूल चार-पाच वर्षांचं आहे आणि भिंत उभी का राहते हे त्याच्या हातांना कळावं असं वाटत असेल, तर वसुबारसेच्या आठवडाभर आधी कामाला लागा.

आधी जागा ठरवा. मुलाला निदान तीन बाजूंनी फिरता आलं पाहिजे. गॅलरीत करणार असाल तर खाली ताडपत्री हवी आणि पाणी जायच्या जाळीवर जुनं फडकं बांधलेलं हवं. नाहीतर माती पाइपात जाते आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचाच किल्ला गाजतो.

लाल माती नर्सरीत पोत्याने मिळते. ती चाळून काचा, खिळे बाजूला काढा आणि आदल्या रात्री भिजवून ठेवा. अंगणातल्या जुन्या विटा, दगड घेणार असाल तर ते मोठ्यांनीच उलटून बघायचे. खाली विंचू नाहीतर गोम असू शकते. गोणपाट, एक जुनं ताट, मुलाच्या हातात मावेल असा तांब्या आणि बसायला पाट एवढं जवळ असू द्या.

विटा मात्र मुलालाच पाडू द्या. बर्फाच्या जुन्या ट्रेला आतून तेलाचं बोट फिरवायचं, मातीत थोडा भाताचा तूस मळायचा, दाबून भरायचं. त्या सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. वाळल्या की पहिली भिंत त्याला हवी तशी रचू द्या. बहुतेक मुलं वीट बरोब्बर विटेवर ठेवतात, आणि बोटाने ढकललं की उभा सांधा उघडून भिंत पडते. लगेच शिकवायला धावू नका. दुसऱ्या भिंतीच्या वेळी एवढंच विचारा, वरची वीट दोन विटांवर अर्धी-अर्धी बसवली तर? मग पुन्हा ढकलून बघायचं.

डोंगर रचून झाला की तटाआधी टाकं खोदायला लावा. आपल्या गडांवर टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला लागायचा आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठायचं, म्हणजे एका खोदाईत दोन कामं. मुलानेही टाक्यातून निघालेल्या मातीचाच तट घालावा. माती पुरली नाही तर टाकं मोठं करायचं की तट बुटका, हे त्याने ठरवावं. माझ्या मते सगळ्या किल्ल्यात शिकण्यासारखी जागा ही आहे. इथे घाई करू नका, एक अख्खी दुपार राखून ठेवा. मग तांब्याने वरून पाणी सोडा. जिथून माती वाहून जाईल तिथे उतार कमी करायचा नाहीतर दगड बसवायचा.

दरवाज्यासाठी रायगडाच्या महादरवाजाचा फोटो काढून ठेवा. तो दोन बुरुजांच्या आड आहे. मातीचा एक मावळा पायथ्याशी ठेवून मुलाला जमिनीवर आडवं होऊन बघायला सांगा, याला दरवाजा दिसतो का? दिसत असेल तर बुरुज सरकवा. जरा मोठ्या भावंडाला राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी करायला द्या, म्हणजे धाकट्याच्या कामात हात घालणार नाही.

हळीव किंवा मोहरी धनत्रयोदशीच्या तीन-चार दिवस आधी ओल्या मातीवर पेरा आणि पाणी हाताने शिंपडा. महाराज, सिंहासन, मावळे बाजारातून आणा, पण तट पुरा झाल्यावरच पिशवी उघडा. आधी उघडली तर बांधकाम तिथेच थांबतं आणि लढाई सुरू होते.

एक रिकामं पोतंही बाजूला ठेवा. दिवाळीनंतर मोडलेल्या किल्ल्याची माती त्यात भरून कुंड्यांना वापरता येते. मोडायचं कामही मुलालाच द्या, आणि कुठला बुरुज शेवटपर्यंत टिकला ते बघा.