सायकलने पंढरपूर : घाट कुठला धरायचा?

मुंबईहून, ठाण्याहून किंवा कोकणातून सायकलने पंढरपूरला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, सह्याद्री चढायचा कुठून. बहुतेक जण मॅप उघडतात, सगळ्यात कमी किलोमीटर दिसेल तो रस्ता धरतात नाहीतर फोटोत सुंदर दिसतो म्हणून एखादा घाट धरतात. माझं म्हणणं वेगळं आहे. घाट किती उंच आहे हे दुय्यम, चढ संपल्यावर पुढे काय आहे ते आधी बघा. कारण चढ दोन-तीन तासांत संपतोच, पण त्यानंतरचे चाळीस-पन्नास किलोमीटर तुम्ही दमलेले असताना मारायचे असतात, आणि वारी तिथून पुढे अजून दोन दिवस तरी असते.

बोरघाटापासून सुरुवात करू कारण मुंबईकर तिकडूनच येतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे मीटरची चढाई दहा-बारा किलोमीटरमध्ये. एक्सप्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, आपला रस्ता जुना हायवे, खोपोलीतून शिंग्रोबाच्या देवळावरून. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची गोष्ट सांगतात, गाडीवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात, आपणही दोन मिनिटं थांबावं, श्वास पण खाली बसतो. देवळाच्या अलीकडचा चढ चांगलाच खडा आहे, पण वर पोचलात की लोणावळा आहे, म्हणजे जेवण, लॉज, पंक्चरवाला, आणि अगदीच जमेना तर रेल्वे स्टेशन. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून हाच घाट सांगतो. फक्त पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, लोणावळ्यात गाड्यांची रांग लागलेली असते आणि त्या धुरात चढायला काही मजा नाही.

ताम्हिणीचा मोह सगळ्यांना होतो. माणगाव-निजामपूर-विळे करून वर, हिरवंगार जंगल, धबधबे, सगळं खरं आहे. पण ताम्हिणीचा चढ संपला असं वाटतं आणि तो संपत नाही, वर आल्यावर मुळशीच्या पाण्याच्या कडेने रस्ता सारखा खाली-वर होत राहतो, पौड येईपर्यंत पाय रिकामे होतात. मधे खाण्यापिण्याची सोय तुरळक, मोबाईलला रेंज पण धड नाही, आणि पाऊस असा की समोरची गाडी दिसत नाही. आषाढी वारीला एकट्याने ताम्हिणी नको, चार-पाच जण असाल आणि सगळ्यांच्या सायकलला लाल मागचा दिवा असेल तर जा.

वरंधा घाट मात्र विचार करण्यासारखा आहे, कारण इथून गेलात तर पुणं लागतच नाही. महाडवरून चढायचं, वाटेत वाघजाईच्या देवळापाशी भजी-चहाच्या टपऱ्या (आणि माकडं, हँडलला पिशवी लटकवून ठेवू नका), वर आलं की नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने भोर, भोरहून शिरवळ, शिरवळहून लोणंद, आणि लोणंदला तुम्ही थेट माऊलींच्या पालखीमार्गावर येता. नकाशावर इतकी सरळ रेघ दुसरी नाही. अडचण एकच, पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट कधी जड वाहनांना तर कधी सगळ्यांनाच बंद करतात. मॅपवर तो उघडा दिसेल, त्यावर विसंबू नका. महाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरला विचारायचं, "भोरची गाडी घाटातून जाते का हो आज?" एसटी जात असेल तर सायकल जाईल. कुठल्याही घाटासाठी मी हाच प्रश्न विचारतो, अॅपपेक्षा हे उत्तर ताजं असतं. धरणाच्या कडेचा पट्टा निर्जन आहे, महाडमधून पाणी आणि खायचं भरून घ्या आणि भोरला उजेडात पोचायचं ठरवूनच निघा.

आंबेनळी, म्हणजे पोलादपूर ते महाबळेश्वर, हा भक्तीपेक्षा हौसेचा घाट आहे असं माझं प्रामाणिक मत. तेराशे मीटरच्या आसपास चढायचं, आणि मग ती सगळी उंची पाचगणीवरून पसरणी घाटात वाईला सोडून द्यायची. पंढरपूर साडेचारशे मीटरवर आहे, तुम्हाला महाबळेश्वरची उंची लागतच नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटाचे रस्ते तुटून वाहतूक बंद पडली होती हेही लक्षात ठेवा. कार्तिकीला, थंडीत, हाताशी एक जास्तीचा दिवस असेल तर जरूर जा, प्रतापगड बघत जा.

चिपळूण, गुहागर, खेड बाजूच्यांना मात्र देवाने कुंभार्ली दिलाय. पोफळीपासून चढ सुरू, खडा आहे, पण वर हेळवाक-कोयनानगर आलं की पुढे पाटण ते कऱ्हाड रस्ता कोयना नदीच्या काठाने जातो, नदी जिकडे वाहते तिकडेच तुम्ही, त्यामुळे मोठा चढ असा लागत नाही. दमलेल्या पायांना यापेक्षा चांगलं काही नाही. कऱ्हाडला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी विटा, आटपाडी करत पंढरपूर. हा दुसरा दिवस मोकळ्या माळाचा आहे, सावली कमी, पाणी जवळ ठेवा. रत्नागिरी-राजापूरवाल्यांनी आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला असं यावं, हायवेच्या रुंदीकरणाची कामं कुठे चालू आहेत तेवढं आधी विचारून घ्या.

पुण्यात आलात तर पुन्हा एक निवड आहे. माऊलींची पालखी हडपसरवरून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तुकोबांची लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूजवरून. दिवे घाट लहान आहे पण रहदारी भयंकर, त्यामुळे पहाटे फटफटायच्या आत पायथ्याला पोचायचं म्हणजे पोचायचंच. बोपदेव घाट जास्त खडा, पण तोही सासवडलाच निघतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी, वयस्कर मंडळींनी सरळ तुकोबांचा रस्ता घ्यावा, रोटी घाट सोडला तर चढ म्हणावा असा नाही. दोन्ही पालखीमार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झालेत, ९६५ आणि ९६५ जी, बराचसा रस्ता रुंद आहे पण रुंद रस्त्यावर गाड्याही सुसाट असतात, पांढऱ्या पट्टीच्या आत राहा.

आता हिशोब कसा करायचा ते सांगतो. सामान लादलेल्या सायकलवर साधारण माणूस तासाला तीनशे मीटर उंची चढतो असं धरा. बोरघाट म्हणजे दोन तास, आंबेनळी म्हणजे चार-साडेचार तास, त्यात थांबे वेगळे. मग उलटं मोजा, मुक्कामाला संध्याकाळी पाचला पोचायचं तर घाटाच्या पायथ्याशी किती वाजता असायला हवं. सकाळी नऊच्या आत चढ संपत नसेल तर आदल्या रात्री पायथ्यालाच मुक्काम करा, खोपोली, महाड, चिपळूण सगळीकडे सोय होते.

गिअरचं पण बघा. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दोन मीटर जाते, मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर, हा वेग घाटात आरामात टिकतो. मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचंच असेल तर खड्या वळणावर उभं राहून रेटावं लागेल, आणि ते सामानासकट तासभर होत नाही. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलून घ्या, दुकानदाराला विचारा तुमचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दात घेतो. साधी बिनगिअरची सायकल असेल तरी काही बिघडत नाही, ढकलत चढा, त्याने वारी कमी होत नाही.

आषाढी आणि कार्तिकीत रस्ता तोच असला तरी प्रवास वेगळा. आषाढीला घाटात पाऊस, शेवाळ, दरडी, पण एकदा फलटणकडे उतरलात की पाऊस कमी होतो आणि पश्चिमेचा वारा पाठीवर येतो, लोणंदपासून पुढे सायकल आपोआप पळते. कार्तिकीला घाट कोरडे आणि सुंदर, पण ऊस गाळपाचा हंगाम सुरू झालेला असतो. फलटण, माळशिरस, अकलूज हा सगळा कारखान्यांचा पट्टा, डबल ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात या भागात सायकल चालवू नका, कितीही राहिलं असलं तरी.

पालखी रस्त्यावर असताना त्याच टप्प्यावर सायकल घेऊन घुसू नका, त्या दिवशी रस्ते वाहतुकीला बंद करतात आणि दिंडीत घंटी वाजवत जाणं बरं दिसत नाही. पालखीच्या दोन-तीन दिवस आधी निघा. आणि चालणारे वारकरी भेटलेच तर उतरा, "माऊली" म्हणून वाकून नमस्कार करा, चार पावलं सोबत चाला. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर माऊलींच्या पालखीबरोबरचे वारकरी धावत सुटतात, धावा म्हणतात त्याला, तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं मानतात. त्या उतारावर सायकलला ब्रेक लावून हळू जावं असं मला मनापासून वाटतं.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. आषाढीला तोच वारा परतताना तोंडावर येतो आणि ओल्या घाटात उतार म्हणजे ब्रेकची परीक्षा, डोंगरातली लाल माती रबराला लागली की रबर झिजत जातं, म्हणून निघतानाच ब्रेकशूची एक जास्तीची जोडी बॅगेत टाका. वेळ कमी असेल तर पंढरपूरहून रेल्वे आहे, आणि टपावर कॅरिअर असलेली एसटी मिळाली तर कंडक्टरला विचारून लगेज तिकीट काढून सायकल वर चढवता येते. बांधायला जुनी ट्यूब घ्या, दोरीने रंग खरवडतो.