डिफरन्शियल उघडताना आधी खुणा, मग पाना
घरी गाडीचा डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) उघडताना बेअरिंगच्या कॅप सोडवण्याआधी सेंटर पंचने डावीवर एक आणि उजवीवर दोन टिंबे मारावीत, कारण या कॅप हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) बसवूनच बोअर केलेल्या (आतून गोल कोरलेल्या) असतात आणि त्यांची अदलाबदल झाल्यास बेअरिंग नीट बसत नाही. शिमही (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बाजूनुसार वेगळ्या ठेवाव्यात. क्राउन (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे) जोडीनेच बदलावे. एकच नवे घातल्यास पैसे वाचत नाहीत, आवाज मात्र विकत मिळतो. जोडणीनंतर क्राउनच्या काही दातांना प्रशियन ब्लूचा (ठसा पाहण्यासाठीच्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावून, क्राउनला हाताने किंचित रोध देत पिनियन फिरवावे: ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन क्राउनच्या फार जवळ आहे, माथ्याकडे उमटला तर फार लांब. बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मात्र अंदाजाने न ठरवता डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजावा आणि गाडीच्या मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावा.