कॉन्सिएर्जची मुलाखत: गाडी अडते ती प्रसंगाच्या प्रश्नावर

कपडे, वेळ आणि बायोडेटा यांवर मी काही सांगणार नाही. आलिशान हॉटेलात कॉन्सिएर्जची, म्हणजे पाहुण्यांना हवी ती माहिती देणाऱ्या आणि त्यांची बाहेरची कामं करून देणाऱ्या माणसाची, नोकरी मागायला निघालेल्याला इस्त्री शिकवायची नसते.

आदल्या दिवशी त्या हॉटेलच्या लॉबीत तासभर बसा आणि कॉन्सिएर्ज डेस्कवर काय चालतं ते पाहा. जवळची संग्रहालयं कोणत्या वारी बंद असतात, रात्री औषधाचं दुकान कुठे उघडं असतं, विमानतळ गर्दीच्या वेळी किती लांब पडतो, हे तोंडपाठ हवं. स्वतःची ओळख दोन मिनिटांत उरका.

मग येतो प्रसंग. ‘पाहुण्यांना आज रात्री आठला अमुकच रेस्टॉरंटमध्ये चौघांचं टेबल हवंय. तिथे जागा नाही. काय कराल?’

मलाही सुरुवातीला हाच प्रश्न जड जायचा. ‘कॉन्सिएर्ज कधीच नाही म्हणत नाही’ हा सल्ला जिकडे तिकडे मिळतो, आणि तोच उमेदवारांना बुडवतो. ‘माझी ओळख आहे, करून देतो’ म्हणालात की संपलं. समोरच्याला त्यात आत्मविश्वास दिसत नाही. उद्या डेस्कवर येऊन भांडणारा पाहुणा दिसतो.

उत्तर देण्याआधी विचारा. तेच ठिकाण का? वाढदिवस आहे, की कुणीतरी नाव सुचवलंय? साडेनऊ चालतील का? कुणाला पथ्य आहे का? मग पायऱ्या सांगा: मी स्वतः फोन करून प्रतीक्षा यादीत नाव घालेन, तोवर त्याच तोडीच्या दुसऱ्या ठिकाणी टेबल धरेन, सहापर्यंत पाहुण्यांना कळवेन. पहिलं मिळालं तर दुसरं लगेच सोडेन, कारण रिकामी राहिलेली टेबलं रेस्टॉरंटवाले विसरत नाहीत. आणि हे सगळं लॉगबुकात लिहीन, कारण सहा वाजता डेस्कवर दुसरंच कुणी असू शकतं. हे शेवटचं वाक्य फार थोडे उमेदवार बोलतात. ते ऐकल्यावर मुलाखत घेणारा मान वर करतो.

याच फेरीत एक सापळा असतो. ‘फोनवर बाई म्हणतात, माझे यजमान तुमच्याकडे उतरलेत, खोली क्रमांक द्या.’ क्रमांक तर नाहीच, पण ते इथे आहेत की नाहीत हेही सांगायचं नाही. ‘निरोप द्या, त्या नावाचं कुणी असेल तर पोहोचवू,’ एवढंच. बाई कितीही रडल्या तरी. त्याच न्यायाने, आधीच्या हॉटेलात कोणते नट उतरले होते हे मुलाखतीत सांगून भाव खाऊ नका. जो इथे बोलतो तो आमच्याबद्दलही बोलेल, हे कुणालाही कळतं. बेकायदा मागणीचा प्रश्न आला तर मात्र सरळ नकार द्या, आवाज न चढवता.

‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ याला बरेच जण ‘माझ्या कोटावर सोनेरी किल्ल्या असतील’ असं उत्तर देतात. उत्तर चांगलं आहे, पण माहिती पक्की ठेवा. त्या किल्ल्या हॉटेल देत नाही. १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ले क्ले दॉर या कॉन्सिएर्जांच्या संघटनेचं ते सदस्यत्वचिन्ह आहे, आणि सदस्यत्व बऱ्याच वर्षांच्या कामानंतरच मिळतं.

शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतील. पगार राहू द्या पुढच्या फेरीला. रात्रपाळीत डेस्कवर किती जण असतात आणि टूरवाले डेस्कवाल्यांना देऊ करतात त्या कमिशनबाबत हॉटेलचा नियम काय, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर तिथे रुजू व्हायचं की नाही याचा विचार तुम्हीच करा.