मागचा शॉकअप कडक की मऊ? या चुका टाळा

दुचाकीच्या शॉकअपची (शॉक अॅब्सॉर्बरची) परीक्षा घ्यायला पुणेकराला ताम्हिणी घाटापर्यंत जावं लागत नाही. डांबराचे थर चढत गेले आणि चेंबरचं झाकण होतं तिथंच राहिलं, की घराजवळच दणका थेट कमरेत बसतो. मग गाडी गॅरेजला जाते आणि फर्मान सुटतं, "मागचं जरा टाइट करून दे." रिंग दोन खाचा वर जाते, आणि गाडी आधीपेक्षा जास्त उडायला लागते.

रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते, हा समज

होत नाही. स्प्रिंगच्या टोकाला जी पायऱ्यांची रिंग असते ती फिरवल्यावर स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, एवढंच. या आधीच्या दाबाला प्रीलोड म्हणतात. स्प्रिंगचा मूळ ताठपणा तोच राहतो. तुम्ही बसल्यावर गाडी मागून किती खाली बसते, ते मात्र बदलतं.

गोंधळ होतो तो दणका दोन्ही टोकांना बसतो म्हणून. प्रीलोड गरजेपेक्षा जास्त असेल तर गाडी बसतच नाही. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, ते क्षणभर हवेत राहतं आणि पलीकडच्या कडेवर आपटतं. प्रीलोड कमी आणि वजन जास्त असेल तर शॉकअप तळाला टेकतो आणि पुन्हा दणकाच. फरक नीट लक्ष देऊन ओळखावा लागतो. सीटवरून वर फेकल्यासारखं वाटलं, तर बहुतेक वेळा प्रीलोड जास्त आहे. खालून बोथट 'ठक्' आवाज आला आणि पाठीत कळ गेली, तर गाडी तळाला टेकते आहे. हे न ओळखता सरसकट 'टाइट कर' सांगणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण एकट्यानं फिरणाऱ्या हलक्या माणसाला नेमका उलटा उपाय लागतो.

अंदाजानं खाच ठरवणं

मोजपट्टी आणि एक मित्र पुरतो. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी हवं. चाकाच्या अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर टेल पॅनलवर चिकटपट्टी लावा आणि अंतर मोजा. समजा ५२० मिलिमीटर आलं. आता गाडी स्टँडवरून उतरवा, रोजचं जॅकेट, हेल्मेट आणि सॅक घालून बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर घ्या. तोल सांभाळायला कुणीतरी पुढून हँडल धरेल. दोनदा सीटवर अंग टाकून गाडी जागेवर बसू द्या आणि मित्राला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा.

दोन आकड्यांतला फरक मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या भागाइतका असावा. हा प्रवास मॅन्युअलमध्ये दिलेला असतो; रोजच्या वापराच्या गाड्यांत तो ढोबळमानानं १०० ते १२० मिलिमीटर असतो, म्हणजे ३० ते ४० मिलिमीटर बसणं ठीक. तुमचं माप ५०५ आलं तर गाडी फक्त १५ बसली; खाच कमी करा. डबलसीट बसल्यावर ४६५ आलं, तर ५५ बसली, खाच वाढवा. हलक्या माणसासाठी रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर आणूनही गाडी बसत नसेल, किंवा जड माणसाला सगळ्यात वरची खाचही पुरत नसेल, तर ती स्प्रिंगच त्या वजनाची नाही. तिथं पान्हा बाजूला ठेवावा.

मोनोशॉकच्या (मागे एकच शॉकअप असलेल्या) बऱ्याच गाड्यांना सेंटर स्टँड नसतो. तिथं दोघांनी मागून गाडी उचलून चाक अधांतरी धरायचं, तिसऱ्यानं मोजायचं. चहाचं आमिष दाखवलं की माणसं मिळतात.

हवेकडे दुर्लक्ष

शॉकअपला हात लावण्याआधी टायरची हवा तपासा. पंपावर न विचारता ४० पीएसआय मारलेली असते आणि शिव्या शॉकअपला बसतात. योग्य आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक गाड्यांवर चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवरही असतो. एकट्यासाठी वेगळा, डबलसीटसाठी वेगळा. टायर थंड असताना तपासायची. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, असं माझं मत.

छिन्नी-हातोडीनं रिंग फिरवणं

रिंगच्या खाचांत पावसाळ्याचा चिखल वाळून दगड झालेला असतो. तो साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं काढा, मगच हूक पान्हा लावा. स्क्रू ड्रायव्हर ठेवून हातोडी मारली की रिंगचे कान तुटतात. आट्यांच्या मोनोशॉकवर दोन रिंगा असतात. लॉकची आधी सैल करायची आणि काम झाल्यावर परत आवळायची. दोन शॉकअपच्या गाडीत दोन्हीकडची खाच सारखी हवी. डावीकडे दोन नंबर, उजवीकडे तीन नंबर अशा गाड्या सर्रास दिसतात.

काही गाड्यांवर रिबाउंडचा स्क्रूही असतो. तो दाबलेला शॉकअप किती वेगानं वर येतो ते ठरवतो. स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून सध्या किती क्लिकवर होता ते लिहून ठेवा, तिथंच परत आणा, मग एका वेळी दोन क्लिक बदला आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा. तो फार आवळला तर रंबलरच्या पट्ट्यांवर शॉकअपला वर यायला वेळच मिळत नाही. गाडी पट्टीगणिक खाली बसत जाते आणि शेवटची पट्टी जोरात लागते. प्रीलोड आणि रिबाउंड एकाच दिवशी बदलू नका. फरक कशानं पडला ते कळणार नाही.

मेलेल्या शॉकअपवर सेटिंग

सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. वर-खाली डोलत राहिली तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, गेलंय. दांड्यावर तेलकट थर आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर सील फुटलं आहे. रिंग कितीही फिरवा, हे सुधारत नाही. तसंच सेंटर स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. स्विंगआर्म खडखडला तर बुश गेलेत, आणि खड्ड्यातला तो आवाज शॉकअपचा नव्हताच.

नवे घ्यायचे तर जोडीनं घ्या. नाना पेठेत पर्याय भरपूर मिळतील, पण गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप लावू नका. चेनचा ताण आणि हाताळणी दोन्ही बिघडतात. गॅसचा डबा असलेले शॉकअप, पल्सरवरच्या 'नायट्रॉक्स'सारखे, घरी उघडायचे नाहीत. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

खाच बदलून तसंच निघणं

मागची उंची बदलली की चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे पुन्हा तपासा. हेडलाइटही बघा. खाच न वाढवता डबलसीट आणि सामान घेऊन रात्री कात्रजच्या घाटात निघालात तर मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि कोकणातून परत आल्यावर, सोमवारी एकट्यानं ऑफिसला जायच्या आधी, खाच पुन्हा खाली आणा.