घमेल्यात ॲक्सिअल: समुद्रतळाची फुगी मोजायची कशी

आमच्याकडे विहिरीचं पाणी दोराला दगड बांधून मोजतात. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि जेवढा भिजला तेवढं पाणी धरायचं. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर, पॅसिफिकच्या तळाशी ॲक्सिअल सीमाउंट नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे १,४०० मीटर पाणी. तिथे शास्त्रज्ञ तळावर दाब मोजणारं यंत्र ठेवतात. आतून शिलारस भरला की तळ फुगून वर येतो, डोक्यावरचं पाणी कमी होतं, दाब उतरतो. उद्रेक झाला की तळ बसतो आणि दाब वाढतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत सातवीला हे मी असं दाखवतो.

गवंड्याचं रुंद घमेलं घ्या. छोट्या डब्यात करू नका. फुगा फुगला की डब्यातलं पाणीही वर चढतं आणि फरक नीट दिसत नाही. मी पहिल्यांदा तिथेच फसलो. मेडिकलमधून नवी नळी आणि मोठी सिरिंज आणा. नळीच्या टोकाला फुगा दोऱ्यानं घट्ट बांधा. फुग्यात हवा नको, पाणीच भरा. हवेचा फुगा माती फोडून वर उसळतो. फुगा घमेल्याच्या मधोमध ठेवून त्यावर वावरातली काळी माती मळून दोन बोटं जाड थापा आणि वर अलगद पाणी ओता.

मोजायला तुराटी. तिच्यावर एकेक सेंटिमीटरला खाच पाडा, खडू घासा. मातीवर टेकवून उचलली की ओली खूण ठळक दिसते. एक सेंटिमीटर म्हणजे तळाचा एक मीटर.

आता इतिहास. आधी सिरिंज दाबून तळ फुगवून ठेवा. हा जानेवारी १९९८. दांडा झटकन मागे ओढा. खऱ्या ॲक्सिअलचा तळ तेव्हा तीन मीटरहून जास्त बसला. त्या वेळी एक यंत्र लाव्हात अडकलं, तरी मोजत राहिलं आणि पुढच्या वर्षी ओढून काढलं गेलं. ही गोष्ट ऐकताना पोट्टे अगदी गप्प होतात.

मग तेरा जणांनी थोडंथोडं दाबायचं, एकेक वर्षाचं. एप्रिल २०११ ला पुन्हा ओढा: २.४ मीटर. तो उद्रेक जुलैमध्ये जहाज तिथे पोचल्यावर, यंत्रांवर नवा लाव्हा दिसला तेव्हा कळला. नंतर चौघांनीच, पण जोरात दाबायचं. एप्रिल २०१५ ला तिसरी ओढ. या वेळी समुद्रतळावरच्या केबलमुळे किनाऱ्यावर बसून उद्रेक पाहता आला.

इथे हमखास कोणी विचारतं, "सर, तेरा, मंग चार, आता किती?" तारखांची वजाबाकी करू देऊ नका. तुराटीच्या खुणा दाखवा. तळ जवळपास त्याच उंचीला आला की फुटला, मग वर्षं तेरा लागोत की चार. याच मोजणीवरून शास्त्रज्ञांनी २०१५ च्या उद्रेकाचा अंदाज आधीच्या वर्षी मांडला होता.

"लोणारसारखा का?" असंही विचारतील. लोणारचा खड्डा उल्केनं पडला. पण घमेल्यातली काळी माती ज्या दगडातून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. त्या मातीचा एक गोळा हातोहात फिरवा.

शेवटी आलेख: आडवी वर्षं, उभी तळाची उंची. करवतीसारखे दात येतील, हळू चढ आणि एकदम उतार. २०१५ नंतर तळ पुन्हा फुगू लागला, म्हणून तो चढ पेन्सिलीनं काढा आणि उजवीकडचा कागद कोरा सोडा.